पीईएमएफ मशीन किती नंबरवर ठेवायचं?

गेल्या महिन्यात ओपीडी संपता संपता आमच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज, थोडं ब्लडप्रेशर. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही म्हणतो. बाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि एका रिमोटचा फोटो माझ्यासमोर धरला.

"डॉक्टर, मुलीने मॅग्नेटिक थेरपीची मॅट आणून दिली आहे. यावर एक ते दहा नंबर आहेत. दोनवर ठेवलं तर काही जाणवतच नाही. सहावर छान टकटक लागते. मुलगी म्हणते, एवढे पैसे दिलेत तर आठवर ठेव. तुम्ही सांगा, किती नंबरवर ठेवू?"

प्रश्न सरळ होता, पण मला त्याचं उत्तर देता आलं नाही. ते का देता आलं नाही, हेच आज सांगायचं आहे. हा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. कुणी ऑनलाइन मशीन मागवलेलं असतं, कुणाला परदेशातल्या मुलाने पाठवलेलं असतं, तर कुणी हॉलमधल्या 'मोफत डेमो'ला जाऊन हप्त्यावर घेतलेलं असतं.

आधी हे मशीन करतं काय?

पीईएमएफ म्हणजे पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड. मराठीत सांगायचं तर थांबून थांबून, ठोक्यांनी येणारं चुंबकीय क्षेत्र. मॅटमध्ये किंवा गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे छोटे ठोके सोडले की प्रत्येक ठोक्याबरोबर चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि विरतं.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. आपल्या स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. शेगडीची काच स्वतः तापत नाही. तिच्याखालच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला बदलतं, त्यामुळे भांड्याच्या बुडात वीज फिरते आणि बूड तापतं. पीईएमएफमध्ये हेच शरीरात, पण अत्यंत कमी प्रमाणात होतं. पेशींच्या आसपास अगदी क्षीण विद्युत प्रवाह तयार होतात. या प्रवाहांमुळे हाडाच्या पेशींना काम करण्याचा इशारा मिळतो, असं मानलं जातं.

गादीत नुसते लोहचुंबक शिवून विकतात ती गोष्ट वेगळी. तिथलं क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे स्वस्थ पडलेल्या माणसाच्या शरीरात हे घडत नाही. दोन्हींना 'मॅग्नेट थेरपी' म्हणतात, तरी दोन्ही एक नव्हेत.

मग नंबर म्हणजे काय?

आता मुद्द्याकडे येऊ. रिमोटवरचा 'सहा' म्हणजे काय? गोळीच्या पाकिटावर '५०० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं. ते मुंबईत घ्या नाहीतर गडचिरोलीत, ५०० मिलिग्रॅमच असतं. मशीनवरच्या सहाचं तसं नाही. तो मिसळीच्या 'मध्यम तिखट'सारखा आहे. कोल्हापुरात मध्यम मागवा आणि पुण्यात मध्यम मागवा, शब्द एकच, पण डोळ्यांतून पाणी एकीकडेच येतं. एका कंपनीचा दहा हा दुसऱ्या कंपनीच्या एकपेक्षाही कमी असू शकतो. तो नंबर फक्त त्या मशीनच्या स्वतःच्या कमाल ताकदीचा हिस्सा सांगतो. ती कमाल ताकद किती, हे रिमोटवर लिहिलेलं नसतं.

चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजायची एककं आहेत गॉस आणि टेस्ला. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस आणि १ गॉस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. काही ओळखीचे आकडे सांगतो. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४ गॉस असतं. एमआरआय मशीन १.५ किंवा ३ टेस्लाचं, म्हणजे १५,००० किंवा ३०,००० गॉसचं. घरगुती मॅट यांच्या मध्ये कुठेही असू शकते, काही अर्ध्या गॉसच्या तर काही मशीन हजारो गॉसची.

जाहिरातीतली गंमत इथेच आहे. '१००० मायक्रोटेस्ला' वाचलं की दडपायला होतं. हिशेब केला तर ते फक्त १० गॉस भरतात. उलट '०.१ टेस्ला' किरकोळ वाटतं, पण ते १००० गॉस आहेत. आकडा वाचताना आधी एकक वाचा.

गॉस कळला तरी डोस कळत नाही

समजा कंपनीने गॉस छापले. तरीही तीन गोष्टी उरतात.

पहिली गोष्ट, अंतर. कॉइलपासून दूर गेलं की क्षेत्र झपाट्याने कमी होतं. १० सेंटिमीटर त्रिज्येची एक गोल कॉइल घ्या. तिच्या मध्यावर १०० गॉस असतील, तर सरळ वर १० सेंटिमीटरवर साधारण ३५ उरतात आणि २० सेंटिमीटरवर जेमतेम ९. माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुधा कॉइलच्या पृष्ठभागावरचा असतो. तुमचा सांधा पृष्ठभागावर नसतो. गुडघा त्वचेच्या जवळ आहे, खुब्याचा सांधा मात्र मांसाच्या आणि चरबीच्या थराखाली खोल आहे. एकाच सेटिंगवर दोन्हींना मिळणारा डोस वेगळा. सडपातळ माणसाला आणि जाड माणसाला मिळणाराही वेगळा.

दुसरी गोष्ट, ठोका किती झटक्यात चढतो. आत वीज निर्माण होते ती क्षेत्राच्या ताकदीमुळे नव्हे, तर ते किती वेगाने बदलतं त्यामुळे. एक मशीन शून्यापासून २०० गॉसपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागात चढतं. दुसरं फक्त २० गॉसपर्यंत जातं, पण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात. पहिल्याचा वेग सेकंदाला २०,००० गॉस, दुसऱ्याचा २,००,०००. कागदावर दहापट दुबळं दिसणारं मशीन प्रत्यक्षात दहापट वेगाने बदल घडवतं. रिमोटवरच्या नंबरात यातलं काहीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट, वेळ. सेकंदाला किती ठोके, दिवसातून किती मिनिटं, किती आठवडे. औषधात आपण 'अर्धी गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस' म्हणतो, तसंच हे.

म्हणून बाईंना मी म्हटलं, "या नंबराला डोस म्हणता येणार नाही. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा आहे तो. पंखा केवढा आहे आणि तुम्ही त्यापासून किती लांब बसला आहात, हे माहीत नसताना 'किती नंबरवर ठेवू' याला उत्तर नसतं."

टकटक लागते, म्हणजे काम होतंय?

असं बहुतेकांना वाटतं. जोरदार मशीनवर स्नायू फुरफुरतो, कारण आत तयार झालेला प्रवाह नसेला चेतवण्याइतका मोठा झालेला असतो. त्यातून एवढंच सिद्ध होतं की नस चेतवली गेली. कूर्चा भरून येतेय किंवा सूज उतरतेय, याचा तो पुरावा नव्हे. आपल्याकडे झोंबलं, चटका बसला, कडू लागलं की औषध लागू पडलं असं म्हणायची जुनी खोड आहे. तीच खोड आपण मशीनलाही लावतो.

ज्या उपयोगासाठी पीईएमएफला सर्वांत आधी मान्यता मिळाली, तिथे काय करतात ते पाहा. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अमेरिकेच्या एफडीएने १९७९ मध्ये असं उपकरण मान्य केलं. या उपकरणांची ताकद साधारण १० ते २० गॉसच्या आसपास असते आणि रुग्णाला काहीही जाणवत नाही. ती रोज काही तास, काही वेळा दहा तासांपर्यंत, महिनोन्‌महिने वापरायची असतात. आणि त्यांवर तीव्रतेचं बटण सहसा नसतंच. सिग्नल कारखान्यात ठरलेला, रुग्णाच्या हातात फक्त चालू आणि बंद.

दुसऱ्या टोकाला मेंदूसाठीचं टीएमएस आहे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ मध्ये ते मान्य झालं, आपल्याकडेही मनोविकारतज्ज्ञ ते वापरतात. त्याची ताकद एमआरआयच्या तोडीची असते. तिथे तीव्रता कशी ठरते? आधी डॉक्टर रुग्णाच्या हाताचं बोट कितीला हलतं ते तपासतात. हा त्या माणसाचा स्वतःचा उंबरठा. मग नैराश्याच्या उपचारात साधारण त्याच्या १२० टक्के ताकद ठेवतात. क्वचित झटका येण्याचा धोका असतो म्हणून हे काम दवाखान्यातच होतं.

म्हणजे जिथे शास्त्र पक्कं आहे, तिथे तीव्रता एकतर कायमची बांधलेली आहे किंवा प्रत्येक रुग्णावर मोजून ठरवलेली आहे. 'सोसेल तेवढं वाढवा' हा सल्ला दोन्हीकडे नाही. तो फक्त घरगुती मशीनच्या विक्रेत्याकडे आहे.

उपयोग होतो का?

मी या उपचाराची टिंगल करणार नाही. पुरावा जसा आहे तसा सांगतो.

सांध्यांच्या झिजेवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये आढावा घेतला. ९ अभ्यास, ६३६ रुग्ण. वेदना ० ते १०० अशी मोजली, तर खोट्या मशीनपेक्षा खऱ्या मशीनने सरासरी १५ गुण जास्त आराम दिला. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण चालणं-फिरणं आणि जीवनमान सुधारल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवरचा त्यांचाच २०११ चा आढावा फक्त ४ अभ्यास आणि १२५ रुग्णांवर थांबला आणि ठाम निष्कर्ष काढता आला नाही. मान्यता मिळाल्यावर तीस वर्षांनी ही स्थिती.

आणि या सगळ्या अभ्यासांत वेगवेगळी मशीन, वेगवेगळी तीव्रता, वेगवेगळा वेळ. 'तीव्रता वाढवली की आराम वाढतो' असा सरळ हिशेब त्यांतून निघत नाही.

तेव्हा बाईंच्या गुडघ्याला थोडा आराम पडला, तर मला आनंदच आहे. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन किडनी खराब करून घेतलेले रुग्ण मी पाहतो. गोळी कमी होत असेल तर मॅट चालेल. माझा आक्षेप मॅटपेक्षा त्या बटणावर आहे. तो का, ते सांगायला माझी एक चूक सांगावी लागेल.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एक चाळिशीतला वाहनचालक पाठदुखीसाठी यायचा. दिवसभर गाडी चालवणारा माणूस, पाठ दुखणारच, असं मी धरून चाललो. त्याने विचारलं, "मित्राकडे मॅग्नेटचं मशीन आहे, घेऊ का?" मी पुढच्या रुग्णाचा कागद हातात घेत म्हणालो, "घेऊन बघ, नुकसान काही नाही."

तीन महिन्यांनी तो आला तेव्हा भिंतीला धरून चालत होता. मी विचारलं, मधे आला का नाहीस? तो म्हणाला, "मशीनने बरं वाटत होतं ना. सुरुवातीला तीनवर भागायचं. मग पाच केलं, मग सात. शेवटी दहावर ठेवलं तरी रात्री झोप येईना. मग आलो." वजन सहा किलो उतरलं होतं. संध्याकाळची कणकण त्याने कामाच्या थकव्यावर ढकलली होती. एमआरआय केला, मणक्याचा टीबी निघाला. औषधं झाली, पाय वाचले, पण पाठीला थोडा बाक राहिला तो राहिलाच.

मशीनने त्याला इजा केली नाही. इजा केली त्या तीन महिन्यांनी. त्यांतला माझा वाटा मी नाकारत नाही. 'नुकसान काही नाही' हे वाक्य मी तेव्हापासून वापरणं बंद केलं. उपचार निरुपद्रवी असला तरी त्याच्या भरवशावर घालवलेला वेळ निरुपद्रवी नसतो.

त्याचं बोलणं नंतर आठवलं तेव्हा लक्षात आलं की तीन, पाच, सात, दहा हा चढता आकडा म्हणजेच त्याचं लक्षण होतं. दुखणं वाढतंय हे तो रोज स्वतःच्या बोटाने नोंदवत होता. फक्त ती नोंद वाचायला कुणी डॉक्टर समोर नव्हता. म्हणून आज माझं मत पक्कं आहे: बटण वाढवावंसं वाटलं, तर बटण वाढवू नका, डॉक्टरकडे जा. ज्या सेटिंगवर महिनाभर आराम होता तिथे आता भागत नसेल, तर बदललंय ते तुमचं दुखणं.

विशेषतः पाठदुखीबरोबर यांतलं काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवून लगेच दाखवा: रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप किंवा संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, आधी कधी कर्करोग झालेला असणं.

बाजूला कोण झोपतं?

परत बाईंकडे येऊ. उठता उठता मी विचारलं, "मॅट कुठे अंथरता?"

"पलंगावरच. रात्री लावून झोपते."

"आणि सर?"

"ते बाजूलाच असतात की."

सरांना मागच्या दिवाळीत पेसमेकर बसवला आहे.

पेसमेकर हृदयाचे बारीक विद्युत संकेत ऐकत असतो. बाहेरून येणाऱ्या ठोक्यांना तो हृदयाचेच ठोके समजू शकतो आणि गरज असताना गप्प बसू शकतो. किंवा चुंबकाच्या प्रभावाने ठरावीक गतीने चालू लागतो. एमआरआय खोलीभोवती वर्षानुवर्षं ५ गॉसची रेषा आखली जात आली, पेसमेकरवाल्याने त्याच्या आत यायचं नाही म्हणून. बाईंच्या मॅटचा 'आठ' सरांच्या छातीपाशी किती गॉस देतो, हे बाईंना माहीत नाही, मला नाही, आणि डब्यावरही छापलेलं नाही. सरांना अजून काही झालं नव्हतं, ही नशिबाची गोष्ट. ती मॅट त्याच दिवशी पलंगावरून उठली आणि सरांची पेसमेकर तपासणी करून घेतली.

पेसमेकर, आयसीडी, कॉक्लिअर इम्प्लांट, इन्सुलिन पंप, मेंदूत किंवा मणक्यात बसवलेलं स्टिम्युलेटर, गर्भारपण, फिट्स येण्याचा इतिहास, चालू रक्तस्राव, कर्करोग. यांतलं काही असेल तर आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मशीन लावू नका. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला असेल तर त्यांच्या शेजारी लावू नका.

मला काय हवं आहे

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या कक्षेत आली आहेत आणि धोक्यानुसार ए ते डी असे त्यांचे वर्ग केले आहेत. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी 'वेलनेस'च्या नावाखाली मशीन विकायचं आणि तोंडी मात्र शुगरपासून लकव्यापर्यंत सगळं बरं होतं म्हणून सांगायचं, हे डेमो हॉलमध्ये राजरोस चालतं. 'एफडीए रजिस्टर्ड' छापलेलं दाखवतात. अमेरिकेत रजिस्टर्ड म्हणजे कंपनीने नाव नोंदवलं. उपकरण तपासून मान्य केलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

माझी मागणी साधी आहे. गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅम सक्तीचे आहेत, तसं प्रत्येक मशीनवर प्रत्येक नंबरासमोर छापा: त्वचेपाशी किती गॉस, ५ आणि १० सेंटिमीटरवर किती, सेकंदाला किती ठोके, किती मिनिटं. आणि कुणी वापरू नये ते मराठीत, ठळक अक्षरांत. जी कंपनी हे सांगू शकत नाही, तिने बटण देऊ नये.

तोपर्यंत विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एवढंच विचारा:

१. हे मशीन नेमक्या कोणत्या आजारासाठी आणि कुणी मान्य केलं आहे? कागद दाखवा.
२. प्रत्येक नंबरावर, कोणत्या अंतरावर किती गॉस?
३. ज्या अभ्यासाचा दाखला देता, तो याच मशीनवर याच सेटिंगने झाला का?
४. महिनाभरात गुण आला नाही तर मशीन परत घेणार का? लिहून द्या.

घरी मशीन आधीच असेल तर कंपनीने सांगितलेल्या सर्वांत खालच्या सेटिंगवर ठेवा. रोजची वेदना शून्य ते दहा अशी वहीत लिहा. चार आठवड्यांत फरक नसेल तर बंद करा. फरक असेल तर त्याच सेटिंगवर राहा. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका.

बाईंना शेवटी मी मांडीचे स्नायू बळकट करायचे तीन व्यायाम लिहून दिले आणि वजन चार किलो उतरवायला सांगितलं. १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असं एका अभ्यासात दिसलं आहे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे याला नंबर नाही?"

"आहे की," मी म्हटलं. "वजनकाट्यावर. तो मात्र खाली आणायचा."

परवा त्या पुन्हा आल्या होत्या. दीड किलो उतरलं आहे. मॅट आता बाहेरच्या खोलीत, आरामखुर्चीवर, दोन नंबरवर असते. आणि सर झोपायला आत असतात.